जेर, जबर आणि आकाशगंगा

‘एलिट’ नावाचा एक जुना व्हिडिओ गेम आहे, १९८४चा. आणि ‘एलिट डेंजरस’ हा त्याचाच नवा अवतार, २०१४चा. मी दोन्ही खेळून पाहिले. चाळिशी ओलांडलेली, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई कॉम्प्युटरवर अवकाशयान उडवते, याचं घरात आधी भरपूर हसू झालं. गेम म्हटलं की आपल्या घरांत दोनच गोष्टी बोलल्या जातात: वेळेची नासाडी आणि डोळ्यांची खराबी. दोन्ही खऱ्या आहेत. पण या दोन गेमनी मला माझ्याच विषयाबद्दल, म्हणजे लिपी आणि वाचनाबद्दल, काहीतरी दाखवलं. म्हणून हा लेख.

नवा गेम आमच्या घरी फुकटात आला. नोव्हेंबर २०२०मध्ये एपिक गेम्स स्टोअरनं तो एक आठवडा मोफत ठेवला होता. बहिणीचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला, कॉलेज ऑनलाइन, मुक्काम आमच्याकडे. मी त्याच्या खुर्चीमागे चहाचा कप घेऊन उभी राहायचे. एकदा तो म्हणाला, “खाला, हे तुम्हाला एवढं आवडतंय तर याचा बाप बघा. ब्राउझरमध्येच चालतो.” असा मी मुलगा आधी आणि बाप नंतर पाहिला.

आधी बापाबद्दल सांगते.

केंब्रिज विद्यापीठातले दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल. त्या काळी ब्रिटनमधल्या शाळाशाळांत ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा कॉम्प्युटर होता. (१९८४-८५पासून ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पात भारतातल्या सुमारे अडीचशे शाळांतही हाच कॉम्प्युटर आला.) त्याची एकूण मेमरी ३२ किलोबाइट. त्यातला काही भाग यंत्र स्वतःसाठी ठेवायचं. उरलेल्या सुमारे २२ किलोबाइटमध्ये या दोघांनी एक विश्व बसवलं. २२ किलोबाइट म्हणजे किती? शुक्रवारी सकाळी मोबाइलवर ‘जुम्मा मुबारक’चे जे फोटो येतात, त्यातला एकेक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

त्या जागेत होत्या आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह. एकूण २,०४८. प्रत्येक ग्रहाला नाव, जागा, लोकसंख्या, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञानाची पातळी, बाजारात सतरा वस्तूंचे भाव. एवढी माहिती साठवायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी ती साठवलीच नाही. फक्त तीन आकडे ठेवले. त्या आकड्यांची ठरावीक रीतीनं बेरीज केली की पुढचे आकडे मिळतात, त्यांची केली की त्याच्या पुढचे. गणिताच्या शिक्षकांना फिबोनाचीची मालिका आठवेल, जवळपास तसंच. ग्रहाची सगळी माहिती त्या आकड्यांतून, लागेल तेव्हा, नव्यानं काढली जाते, आणि दर वेळी तीच निघते. पाढे पाठ नसले तरी बेरीज येणारं मूल सतराचा पाढा तयार करतं, तसं.

नावंही अशीच. दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांचा एक छोटा साठा, त्यातून उचलून जोडलेली: लेव्ह, डिसो, लीस्टी, झाओन्स. एका दीर्घिकेत अशी जोडाजोड होता होता एका ग्रहाचं नाव इंग्रजीतली शिवी निघाली, तर त्यांनी ती अख्खी दीर्घिका टाकून दिली आणि दुसरी घेतली. याच रीतीनं २८१ लाख कोटींहून जास्त दीर्घिका करता आल्या असत्या. प्रकाशक ॲकॉर्नसॉफ्टनं त्यांना आठांवर थांबवलं, कारण इतक्या दीर्घिका पाहिल्या की खेळणाऱ्याला सगळं सारखंच आहे हे कळून चुकलं असतं. संपादक असावा तर असा.

खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे एक कोब्रा जहाज, शंभर क्रेडिट आणि सात प्रकाशवर्षं जाण्याइतकं इंधन असतं. तुम्ही लेव्हच्या स्थानकात उभे. लेव्ह शेतीप्रधान, झाओन्स औद्योगिक. इकडून धान्य घ्या, तिकडे विका. तिकडून कॉम्प्युटर घ्या, इकडे विका. वाटेत लुटारू. नफ्यातून जहाज सुधारा. पुढे काय? काही नाही. कथा नाही, शेवट नाही. त्या काळचे गेम तीन ‘लाइफ’ आणि दहा मिनिटांचे असायचे. एका प्रकाशकानं तर ‘यात तीन लाइफ नाहीत, स्कोअर नाही’ म्हणून हा गेम परत पाठवला होता. इथे मिळतो तो फक्त दर्जा. ‘हार्मलेस’पासून सुरुवात करून ‘एलिट’ व्हायला ६,४०० जहाजं पाडावी लागतात. मी ‘मोस्टली हार्मलेस’च्या पुढे गेलेले नाही.

आणि दिसतं काय? काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषा. बस. जहाज म्हणजे रेषांचा सांगाडा, ग्रह म्हणजे एक वर्तुळ, तारे म्हणजे ठिपके. मागच्या बाजूच्या रेषा झाकलेल्या, त्यामुळे वस्तू भरीव भासते. रंग, पत्रा, खिडक्या, धूर, काहीच नाही.

हे पाहताना मला पहिल्यांदा माझी उर्दू आठवली.

ज्या वाचकांना उर्दू लिपी येत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं जोडून लिहिली की तो शब्द ‘मुल्क’ असू शकतो, म्हणजे देश. ‘मलिक’ असू शकतो, म्हणजे राजा. ‘मलक’, म्हणजे फरिश्ता. किंवा ‘मिल्क’, म्हणजे मालमत्ता. कागदावर चारही एकच. कोणता घ्यायचा हे वाक्य सांगतं आणि वाचणारा ठरवतो. स्वर दाखवायला जेर, जबर, पेश या खुणा आहेत, पण त्या पहिलीच्या पुस्तकात असतात. मूल मोठं झालं की गळून पडतात. लिपी सांगाडा देते, श्वास वाचणाऱ्यानं घालायचा.

देवनागरीचं उलट आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, सगळं लिहिलेलं. अर्थ माहीत नसलेला शब्दही मूल बिनचूक वाचतं. मी एका तासाला उर्दू शिकवते आणि पुढच्या तासाला मराठी, त्यामुळे हा फरक मला रोज दिसतो. मराठीचं वाचन लवकर येतं. उर्दूचं वाचन उशिरा येतं, पण ज्याला आलं त्याला वाक्य आधीच समजलेलं असतं. समजल्याशिवाय त्याला वाचताच येत नाही.

जुना ‘एलिट’ बिनमात्रेचा आहे. ठिपक्याला तारा आणि सांगाड्याला जहाज तुम्हीच करता. हे मी वर्गातही करून पाहिलं. आमचा फळा काळा, खडू पांढरा, म्हणजे पडदा तयारच. नववीच्या वर्गात कोब्रा जहाजाच्या रेषा काढल्या आणि म्हटलं, यावर दहा ओळी लिहा. कुणी त्याला गंजलेला पत्रा दिला, कुणी हिरवे दिवे. मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, “टीचर, आत कोण बसलंय? एकटाच आहे का?” तिनं मग दहा ओळींऐवजी दोन पानं लिहिली. त्यात जहाजवाला आपल्या अम्मीचा फोन उचलत नव्हता.

आता मुलाकडे येऊ.

२०१२च्या नोव्हेंबरमध्ये ब्रेबन यांच्या ‘फ्रंटिअर’ कंपनीनं किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. साडेबारा लाख पौंड हवे होते, पंधरा लाखांहून अधिक जमले. डिसेंबर २०१४मध्ये ‘एलिट डेंजरस’ आला. यात आठ दीर्घिका नाहीत, एकच आहे, पण ती आपली आकाशगंगा, खऱ्या आकाराची. सुमारे ४०० अब्ज तारे. त्यातले दीड लाखाच्या वर खगोलशास्त्रज्ञांच्या याद्यांतून घेतलेले, त्यांच्या खऱ्या जागी. बाकीचे अजूनही त्या जुन्या कल्पनेनंच तयार होतात: साठवायचं नाही, नियमातून काढायचं. फक्त आता नियमांत ताऱ्यांचं वस्तुमान, वय, ग्रह कसे जमतात याचं विज्ञान आहे. २०१७च्या फेब्रुवारीत सुमारे चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याची बातमी आली, तेव्हा गेमनं स्वतःच्या हिशेबानं जवळपास त्याच भागात एका मंद ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह आधीच मांडले होते. गेमवाल्यांनी त्यात थोडी दुरुस्ती केली आणि नाव बदललं.

डोळ्यांचं म्हणाल तर यात प्रत्येक काना-मात्रा लिहिलेली आहे. शनीसारख्या ग्रहाच्या कड्यांत शिरलं की बर्फाचे खडक बाजूनं सरकतात, त्यांवर ताऱ्याचा उजेड पडतो, जहाज कुरकुरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडून ‘सुबहानअल्लाह’ निघालं आणि भाचा हसला.

मला सर्वांत मोठा आनंद मात्र नकाशातल्या नावांनी दिला. जुन्यातली नावं आकड्यांतून पडलेली, अर्थ नसलेली. नव्याच्या नकाशात अल्डेबरन आहे, म्हणजे अरबीतला ‘अद-दबरान’, मागून येणारा, कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. आपली रोहिणी. अल्टेअर म्हणजे ‘अत-ताइर’, उडणारा, आपला श्रवण. व्हेगा ‘अल-वाकी’ या शब्दातून आला, खाली झेपावणारा, आपला अभिजित. फोमलहॉट म्हणजे ‘फम अल-हूत’, माशाचं तोंड. दहाव्या शतकात अब्दुर रहमान अस-सूफी यांनी स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्या परंपरेतले शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आले आणि आता एका ब्रिटिश गेमच्या नकाशात बसले आहेत. भाच्याला ही नावं फक्त थांबे म्हणून माहीत होती. एका संध्याकाळी त्यानं जहाज चालवलं आणि मी नावं फोडून सांगितली. अरबी, मराठी, दोन्ही. उर्दू शिकून काय होणार, असं विचारणाऱ्या पालकांना यापुढे मी हे सांगणार आहे.

तर मग नवा जास्त चांगला? मीही आधी असंच मानलं. पण चारेक आठवड्यांनी एक गोष्ट लक्षात आली. एवढं सगळं लिहिलेलं असूनही खेळणारा मध्येच थांबतो आणि विचारतो, “आता जायचं कुठे? आणि कशासाठी?” तारे ४०० अब्ज, पण दहा वर्षांत लाखो खेळाडूंनी मिळून त्यांचा नगण्य भागच पाहिला आहे. बहुतेक ताऱ्यांना अजूनही यंत्रानं दिलेलं, आकड्यांचं शेपूट असलेलं नाव आहे. तिथे पहिल्यांदा पोहोचलात आणि परत येऊन नोंद केलीत तर ‘प्रथम शोधणारा’ म्हणून तुमचं नाव लागतं. बस. चित्र पूर्ण झालं, पण हेतू कोराच राहिला. जेर-जबर नाहीसे झाले नव्हते. त्यांची जागा बदलली होती. जुन्यात खेळणाऱ्याला दृश्य भरावं लागे, नव्यात नियत भरावी लागते.

नियतीची नव्हे, नियतचीच गोष्ट आहे, म्हणून एक उदाहरण देते.

जुन्या ‘एलिट’च्या बाजारात धान्य, कापड, सोनं यांबरोबर गुलाम आणि अमली पदार्थही विकायला असतात. नफा भरपूर. ते घेऊन निघालात तर तुमची नोंद ‘क्लीन’वरून घसरते, पोलीस मागे लागतात, एवढंच. चूक-बरोबर सांगायला कुणी येत नाही. त्याहून भयंकर एक तपशील आहे. तुम्ही एखादं जहाज पाडलं आणि त्याचा चालक छोट्या कुपीत बसून निसटला, तर ती कुपी तुम्ही आपल्या जहाजात ओढून घेऊ शकता. मग सामानाची यादी पाहा. तिथे ‘गुलाम, एक टन’ असं लिहून येतं. बुडणारा माणूस उचलला आणि यंत्रानं त्याचा माल केला. मेमरी कमी होती, वेगळी सोय करायला जागा नसणार. पण मी ती ओळ वाचली आणि बराच वेळ काही दाबलं नाही.

नव्यात तीच कुपी आहे, पण आता दोन दारं आहेत. स्थानकावर बचावकार्याची खिडकी असते, तिथे त्या माणसाला सोपवा, थोडे पैसे मिळतात. किंवा काळ्या बाजारात विका. शिवाय गेममधल्या ‘एम्पायर’च्या राज्यात ‘इम्पीरियल’ गुलामांचा व्यापार कायदेशीर आहे. म्हणजे तुमची नोंद स्वच्छ राहील आणि माल तोच असेल. कायदेशीर आणि हलाल यांतला फरक मुलांना समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. भाचा पहिल्या दिवसापासून तो माल घेत नाही. मी सांगितलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाला, “बरं नाही वाटत.”

आता ज्या गोष्टीसाठी मला नवा गेम खरोखर आवडला, ती सांगते. ती गेम बनवणाऱ्यांनी लिहिलेली नाही.

नव्या गेममध्ये इंधन संपतं. काही प्रकारच्या ताऱ्यांजवळून जाताना जहाज इंधन भरून घेऊ शकतं, काहींजवळ नाही. लांबच्या प्रवासात एक उडी चुकली की तुम्ही एखाद्या विझत्या ताऱ्याशी अडकता. मग एकेक यंत्रणा बंद होते, शेवटी प्राणवायूची काही मिनिटं उरतात. जहाज गेलं तर विम्याचे पैसे भरून ते परत मिळतं, पण आठवडेच्या आठवडे फिरून गोळा केलेली ताऱ्यांची माहिती, जी अजून विकलेली नसते, ती कायमची जाते. जुन्या गेममध्येही दोन ताऱ्यांच्या मध्ये, थार्गॉइड नावाच्या परग्रहवाल्यांच्या तावडीत, इंधनाशिवाय अडकायची वेळ येई. तिथे कुणी येत नसे. येणारच कोण? तुम्ही एकटेच होतात.

नव्यात ‘फ्युएल रॅट्स’ येतात. हे खेळाडूंनीच उभं केलेलं पथक. तुम्ही त्यांना हाक मारायची. ते आधी विचारतात, प्राणवायू मोजायला लागला आहे का? लागला असेल तर लगेच मुख्य मेनूत या, म्हणजे घड्याळ थांबेल. मग जगात कुठेतरी कुणीतरी आपला खेळ सोडून, कधी हजारो प्रकाशवर्षं उड्या मारत तुमच्यापर्यंत पोहोचतं आणि इंधन देतं. मोबदला घेत नाहीत. गेममध्ये यासाठी गुण नाहीत, दर्जा वाढत नाही. आमचा भाचा एकदा असा अडकला होता. त्याला सोडवायला आलेला माणूस कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, वय काय, काहीच कळलं नाही. काम झालं, पुढच्या वेळी तारा बघून उडी मार, असं दोन ओळींत सांगून तो गेला. अहमदनगर, मालेगाव, मिरज, कुठल्याही रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीजवळ थांबणाऱ्या माणसासारखाच.

तेव्हा मला कळलं की कोऱ्या जागेत माणसं स्वतःचंच काहीतरी लिहितात. कुणी लूटमार लिहितं. नव्या गेममध्ये तीही आहे, नवशिक्यांना कारणाशिवाय पाडणारे आहेत. आणि कुणी बचाव लिहितं.

जुन्याच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नवा गेम इंटरनेटशिवाय चालत नाही. किकस्टार्टरच्या वेळी एकट्यानं, ऑफलाइन खेळता येईल असं सांगितलं होतं. गेम यायच्या एक महिना आधी, नोव्हेंबर २०१४मध्ये, ते रद्द केलं. सारखी बदलणारी आकाशगंगा सर्व्हरशिवाय चालणार नाही, हे कंपनीचं कारण. त्यासाठी पैसे भरलेले अनेक जण नाराज झाले. म्हणजे ज्या दिवशी कंपनी सर्व्हर बंद करेल, त्या दिवशी ४०० अब्ज तारे, त्यांवरची शोधणाऱ्यांची नावं, सगळं एकदम मिटेल. १९८४चा गेम मात्र आजही कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो. तीन आकडे आणि बेरजेची रीत. ती कागदावर लिहून ठेवता येते, पाठही करता येते. हाफिज माणसांच्या घरात वाढलेल्यांना पाठांतराची ताकद सांगायला नको.

म्हणून दोन्ही ठेवावेत, असं मी म्हणेन. परंपरा सांगते की अरबीत स्वरांच्या खुणा आल्या त्या अरबी नसलेल्या लोकांना वाचता यावं म्हणून. श्रेय अबुल अस्वद अद-दुअली यांना दिलं जातं. खुणा घालणं ही नव्या माणसावरची मेहरबानी आहे. खुणा न घालणं हा जुन्या वाचकावरचा भरवसा आहे. वर्गात मला दोन्ही लागतात.

तुमच्या घरात गेम खेळणारं मूल असेल तर एकदा त्याच्या शेजारी बसा. आधी जुना ‘एलिट’ तासभर खेळा. स्थानक स्वतःभोवती फिरत असतं. त्याच्या गतीनं जहाज फिरवत दारात शिरावं लागतं, पहिल्या दहा वेळा आपटाल. मग नव्यात जा, रोहिणी शोधा, श्रवण शोधा. इंधनाकडे लक्ष ठेवा. तरीही कुठे अडकलात तर घाबरून जाऊ नका. मुख्य मेनूत या आणि हाक मारा. कुणीतरी येतं.